अडकत अडकत चालनारी म्याच

वरल्या अंगानं शेरडं घिऊन खाली उतरायला लागलं, की आमच्या टीव्हीचा आवाज आदी कानावर येतो, घर मागनं दिसतं. पन त्यो आवाज क्रिकेटचा वाटतच न्हाई बरं का! लांबनं ऐकलं तर कुठंतरी बंधाऱ्यावरनं पानी सांडतंय आसं वाटतं, एकसारखं, भरून आल्यावानी. मदीच त्या पान्याला उकळी फुटती, आन मंग मी वळकतो, कोनतरी आऊट झालं, न्हाईतर चेंडू पार बाहेर गेला. कोन गेलं ते कळायला घरला जावं लागतं, आन घरला पोचस्तवर दुसरंच कोनतरी खेळत आसतं. मला आयुष्यात जे काय कळलं ते समदं आसंच कळलं. उकळी फुटून गेल्यावर.

आमची वाडी विंझरच्या वर, चढाला. घरं मोजकी, आन टीव्ही आता फकस्त आमच्याच घरात चालतो. बाकीची मानसं मोबाईलात डोकं घालून बसत्यात. आमच्या डिशची ताटली आंगनात खांबाला हाय, आन आमच्या शेळ्यांना पाठ खाजवायला साऱ्या मुलखात त्यो एकच खांब गावलाय. एखादी येती, डोळं मिटून पाठ घासती, आन आख्खं मैदान गायब! मंग मी बाहेर जाऊन ताटली फिरवायची, आन आतनं आमच्या मंडळीनं वरडायचं, "आलं... गेलं... आलं! अवं, ऱ्हाऊ द्या तसंच, धरून उभं ऱ्हावा!" कितीतरी शतकं म्या आशी खांब धरून बघितली, बघितली कसली, ऐकली. मंडळी म्हनती, तुमचं नशीबच खांबाला बांधलंय. खांब सोडला तर म्याच जानार!

तर झालं आसं, की डिशची मुदत संपत आली, आन शिवऱ्याला दिलेली आमची लेक मंदा, तिचा फोन आला. "आबा, डिश आता बंद करा. मोबाईलवर घ्या. कुठं बी बसा, कवा बी बघा." म्हनलं, बरं. विंझरात रिचार्जच्या दुकानात गेलो, तर थितं माझं डोस्कंच फिरलं. तुमीच सांगा, साधा खेळ बघायचा, त्याच्यात येवढ्या वाटा कशाला? ही म्याच डिशवर दिसंल, ती फकस्त मोबाईलवर. कुस्ती ह्या दारात, कबड्डी त्या दारात. महिन्याचं घ्या, न्हाईतर वरसाचं घ्या. जाहिरातीसकट घ्या, न्हाईतर जाहिरातीबिगर घ्या. म्या म्हनलं, जाहिरात न्हाई तर मानसानं उठायचं कवा, आन च्या प्यायचा कवा? दुकानदार हसला आन म्हनला, "मामा, तुमाला नेमकं बघायचंय काय, ते सांगा." तसाच टोपी सारखी करत बाहेर आलो.

कारन मला बघायचं व्हतं ते त्याच्याकडं मिळत न्हाई. मला आमचं दादा बघायचं आसत्यात.

दादा म्हंजी माजं थोरलं भाऊ. वर, चढाच्या टोकाला त्यांचं घर. शेरडांची वाटनी झाली तवा म्होरकी शेळी त्यांच्या वाट्याला गेली, रीतीनं. पन ती शेळी संध्याकाळ झाली की माझ्याच आंगनात येऊन बसायची. दादांनी न्यायची, तिनं यायचं. मला तर तिचं कवतिक वाटायचं, आन दादांना वाटलं, मीच तिला फितवतोय. म्हनलं, "दादा, मला मानसं फितवता येत न्हाईत, शेळी कुठनं फितवू?" त्याचा त्यानला आनखीच राग आला. तवापासनं बोलनं बंद. ती शेळी कवाच मेली. अबोला मातूर धडधाकट हाय. त्याला ना पाला लागतो ना पानी!

पन म्याच आसली की दादा येत्यात. दुपारी डोकीला फडकं गुंडाळून चढ उतरत्यात, आन आमच्या उंबऱ्यावर टेकत्यात. आत येत न्हाईत. माझ्याशी बोलत न्हाईत. जे काय बोलायचं ते टीव्हीशी. "आरं, त्याला जरा पुढं येऊन खेळ म्हनावं!" मंग मी बी टीव्हीला सांगतो, "पुढं आला आन चुकला तर? घरात बसून सांगायला काय जातंय?" त्यावर दादा टीव्हीला म्हनत्यात, "काही मानसांना चुकायचीच हौस आसती." आसं आमचं चालतं. म्याच संपली की दादा फडकं झटकून उठत्यात. आमी जिकलो का हरलो, ते मला रातच्याला आठवत बी न्हाई. पन दादांनी टीव्हीला काय काय सांगितलं, ते समदं आठवतं.

आता तुमीच इचार करा. टीव्ही गेला तर दादांनी बोलायचं कुनाशी? आन मोबाईल तो केवढा, तळहातायेवढा. त्यो उंबऱ्यावरनं काय दिसनार? ही अडचन त्या दुकानदाराला कशी सांगायची? ह्याच्यासाठी कुठलं च्यानल लागतं, आसं इचारायचं व्हय?

मी आसा घोळ घालत बसलो, आन हिकडं मुदत संपून ऐन म्याचच्या दिशी टीव्ही काळा पडला. मंदानं तिच्याकडनं थोड्या दिसांसाठी मोबाईलवर चालू करून दिलं व्हतं, "बघा तरी एकदा" म्हनून. आमच्या घरात रेंज येती ती गोठ्याच्या भिंतीपाशी, आन ती बी एका कोपऱ्यात. तिथं घोंगडं टाकलं, तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला, आन बसलो. मनात एकच, आता दादा येनार, काळा टीव्ही बघनार, आन आल्या पावली माघारी जानार.

दादा आलं. उंबऱ्यावर टेकलं. टीव्हीकडं बघितलं. टीव्ही गप. मंडळीनं पदर सारखा केला आन म्हनली, "भावजी, आज म्याच गोठ्यापाशी हाय." दादा चपापलं. "गोठ्यापाशी म्हंजी?" "मोबाईलात हाय. लांबनं दिसायचं न्हाई. हिकडंच यावं लागंल तुमाला." दादांनी वर चढाकडं बघितलं, खाली माझ्याकडं बघितलं, आन काय मनात आलं कुनास ठाऊक, येऊन घोंगड्याच्या पार टोकाला बसलं. पन मोबाईल लई वंगाळ जिन्नस. टोकाला बसून त्यात काय दिसत न्हाई. सरकत सरकत त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. म्या माजा गुडघा हालवला न्हाई.

आन नेमकी रेंज गेली! गोलंदाज पळत आलेला, एक पाय वर, तसाच थांबला, आन पडद्यावर चक्री गरागरा फिरायला लागली. टीव्हीवर कायतरी चालू आसतं, न्हाई म्याच तर जाहिरात, मानसाला तिकडं बघत बसता येतं. पन चक्रीकडं किती येळ बघनार? दादांनी बघितलं खरं, जनू ती चक्रीच आऊट व्हनार हाय. मंग खाकरलं आन म्हनलं, "ह्यो गडी आसा एका पायावर किती येळ ऱ्हानार?"

हे मोबाईलला इचारलं का मला? मी गांगरलो. म्हनलं, "रेंज येस्तवर."

चक्री फिरतच व्हती. दादा म्हनलं, "तुझा पाय कसा हाय?"

म्या मागं वळून बघितलं, मागं कोन बसलंय का म्हनून. मागं भिंत व्हती. म्हैना झाला आसंल, वढ्यात घसरून माझा पाय मुरगाळला व्हता. त्यानला कुनी सांगितलं आसंल? म्हनलं, "चढाला दुखतो." "करंजाचं तेल लाव," दादा म्हनलं. येवढ्यात चक्री थांबली, म्याच चालू झाली, आन तवर कोनतरी आऊट बी झालं व्हतं. कोन झालं, ते आमा दोघांनाबी कळलं न्हाई, आन कुनी इचारलं बी न्हाई.

त्या दुपारी म्या देवाला एकच मागितलं, रेंज जाऊ दे! आन देवावर तरी किती भार टाकायचा, म्हनून कोपरानं तांब्या जरासा सरकवला. चक्री आली. दादा म्हनलं, "नीट ठेव की त्यो." पन हात त्यांचा जवळ व्हता, तरी त्येनी बी काय सरळ केला न्हाई. चक्री फिरत ऱ्हायली, आन दादा इचारत ऱ्हायलं, मंदा बरी हाय का, यंदा भात कसा उतरला. मी सांगत ऱ्हायलो, आन मदी मदी आमी दोघं त्या एका पायावरच्या गड्याकडं बघत व्हतो, त्यानं इतक्यात पळू नये म्हनून.

सांजच्याला मंदाचा फोन. "आबा, कसं दिसलं? अडकत न्हवतं ना?" "लई अडकत व्हतं गं!" "मंग डिशच भरा की. त्याच्यात अडकायचं न्हाई." म्या म्हनलं, "त्येच तर!" "त्येच तर म्हंजी काय, आबा? तुमाला काय घ्यायचंय नेमकं?" सुरळीत चालनाऱ्या गाड्याकडं कोन बघतं? चाक रुतलं की चार हात लागत्यात. पन आसं लेकीला फोनवर सांगितलं तर ती जावईबापूंना घिऊन मला बघायलाच येईल! शिवाय लोक म्हनत्यात, वर टावर व्हनार हाय, मंग मोबाईल बी अडकनार न्हाई. डिश भरली तर दादा परत उंबऱ्यावर, न्हाई भरली आन टावर झाला तर? माझं डोस्कं हितंच चक्रीवानी फिरतंय, आन अजून काय बी ठरलेलं न्हाई.

पन काल येक गंमत झाली. दुपारी शेरडांना पाला टाकत व्हतो, तर दादा चढ उतरून आलं. सरळ गोठ्यापाशी येऊन बसलं आन म्हनलं, "लाव की."

"आज म्याच न्हाई, दादा."

दादांनी माझ्याकडं बघितलं, आन आसं चिडलं म्हनता! "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? येवढा उतरून आलो मी!" बोललं आन तसंच बसून ऱ्हायलं. मंडळीनं न इचारता च्या टाकला.

च्या पिऊन दादा गेलं, तवापासनं मी त्याच येका बोलन्यावर घुटमळतोय. आदी सांगायचं न्हाई व्हय! म्हंजी आता मला त्यानला सांगत जावं लागनार. म्याच आसली तर हाय म्हनून, नसली तर न्हाई म्हनून. उद्या बी म्याच न्हाई. सकाळी शेरडं वर न्हेली की तसाच पुढं जातो, आन सांगून येतो.