दिलीप ढिला पडला नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून दुसरं काहीच लपवलं नाही हो, हे एवढंच. आताही बोललो नसतो, पण गेल्या महिन्यात जे झालं त्याने मी पुरता हादरलोय.

दिलीप आणि मी इंद्रपुरीत वाढलो, एकाच मैदानावर हॉकी खेळलो. दोघंही हाफबॅक. आमच्या भोपाळच्या मैदानांवर एक शब्द चालतो – ढिला. ‘ढिला पडलाय’ म्हणजे खेळाडूचा दम गेला, पाय पूर्वीसारखे चालत नाहीत. अंग सुटलं तर दिसतं, पोट पुढे येतं. ढिलं पडणं दिसत नाही – कुणीतरी तसं म्हणावं लागतं. आणि एकदा म्हटलं, की मग सगळ्यांना ते दिसायला लागतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात खेळाडूंसाठी जागा निघाली. एकच, आणि हवा होता हाफबॅक. दिलीप माझ्यापेक्षा सरस होता, यात कुणाचंच दुमत नव्हतं. पण आजोबांच्या आजारपणात तो बरेच दिवस उज्जैनला राहिला होता, ट्रायलच्या तोंडावर परतला. त्या सकाळी आम्ही मैदानाला फेऱ्या मारल्या. तो पुढे – आणि वर मागे वळून गप्पाही मारत होता. धाप मला लागली होती.

निवड आमच्या कोचसरांच्या हातात होती. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. दोस्त कसा आहे, विचारलं.

“ढीला पड़ गया है, सर,” मी म्हणालो.

जोर दिला नाही. उलट, जरा वाईट वाटल्यासारखं बोललो – तेही मुद्दाम. जिगरी दोस्तच सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? ट्रायलमध्ये दिलीपच्या स्टिकखालून एक चेंडू निसटला. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझे किती निसटले ते कुणी पाहिलं नाही.

नोकरी मला लागली. क्वार्टर, मुलींची शिक्षणं, सगळं तिच्यावर झालं. दिलीप मंडीदीपला ठेकेदाराकडे लागला, अजून तिथेच आहे. मैत्री मात्र टिकली. मला वाटायचं, त्याच्या मनात सरांचा राग असेल, नाहीतर नशिबाचा.

गेल्या महिन्यात मी रिटायर झालो. हॉलवर जेवणं चालली होती. दिलीप माझ्या बायकोशी बोलत होता.

“वहिनी, मी त्या टायमाला ढिला पडलो होतो. सरांनी बरोबर पकडलं. तेव्हापासून रोज पहाटे धावतो – परत कुणी तसं म्हणू नये, बस.”

त्याच्या मनात राग नव्हताच – कुणाचाच नव्हता. इतकी वर्षं हा माणूस स्वतःलाच दोष देत आलाय? माझं खोटं खरं मानून रोज पहाटे उठतोय?

तो माझ्याकडे वळला. “तूच सांग यार, पडलो होतो ना?”

बायको हसत बघत होती. ‘नाही’ म्हणायला कितीसा वेळ लागतो?

“थोडासा,” मी म्हणालो.

त्याने समाधानाने मान डोलावली. माझ्या ताटात जिलबी नव्हती, म्हणून उठून स्वतः घेऊन आला. मी ती खाल्ली.