बाबाची नवी काठी

चंद्रपूरकडचा पोरगा लिहून राह्यला म्हणून तुम्ही वाघाची वाट पाहत असान, तं आधीच सांगतो, वाघ येत नाई. गोल्फ येते. घ्या, हसून घ्या.

गोल्फ म्हटलं का तुम्हाले हिरवी गादी अन् पांढरे बूट दिसत असतीन. आमच्या खाणीच्या कॉलनीतलं मैदान राजुऱ्याच्या उन्हानं भाजलेलं. भोकाभोवती गवताच्या जागी जळकं तेल मारलेली रेती, अन् ती सारखी कराले एक झाडू. पण बोडी मात्र अस्सल होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. काठाले बेशरमाची झुडपं, मधात शिंगाड्याचे वेल. शेवटच्या भोकाकडं जायचं तं चेंडू या बोडीवरून मारा लागे.

माहे बाबा खाणीत इलेक्ट्रिशियन. मैदानाचा पंप त्याइच्याकडं, म्हणून रविवारी साहेब लोकांसोबत खेळाची मुभा. बदली झालेल्या एका साहेबानं दिलेली लाकडी डोक्याची काठी होती त्याइच्याजवळ, मुठीले सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ते तिले खोबरेल तेल लावत, आपल्या डोक्याले लावाच्या आधी. पण माह्या साऱ्या शाळेच्या वर्षांत त्याइचा चेंडू एकडाव बोडीपार गेला नाई. दर रविवारी बेशरमात.

मी मैदानावर नकला शिकाले जाऊन बसे. कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर साहेब मारायच्या आधी चेंडूकडं असे वाकून पाहत, जसं त्याले आता 'आ कर' म्हणणार आहेत. हुबेहूब करे मी. एका गोष्टीचं मले तेव्हाच नवल वाटे. ज्याची नक्कल करून चेंडू मारला, चेंडू बी त्याच्यासारखाच जाये. डॉक्टरची केली का उजवीकडच्या बाभळीत. बाबाची केली का बेशरमात.

मंग बाबाच्या रिटायरमेंटले एक महिना राह्यला. म्हणजे क्वार्टर सुटणार, पंप सुटणार, मैदान बी सुटणार. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "एकडाव पार गेला असता, तं बरं झालं असतं." अन् वरणाची वाटी पुढं केली. एवढंच.

मी नागपुरात नवा नवा नोकरीले लागलो होतो. मोबाइलवर नवी काठी मागवली. कार्बनची नळी, टायटॅनियमचं डोकं, पोळीच्या डब्याएवढं. आईनं तिले हळदकुंकू लावलं अन् विचारलं, "एवढं मोठं डोकं, आत काही आहे का पोकळच?" बाबानं काठीचा वास घेतला. दोन दिवस तिच्यावरची पन्नी काढली नाई.

पहिल्या रविवारी साऱ्या कॉलनीनं मान वर केली. टणकन असा आवाज, जसं कोणी पातेलं आपटलं. चेंडू बेशरमावरून गेला, आणखी गेला, अन् बोडीच्या मधोमध, शिंगाड्यात. दुसरा रविवार, शिंगाड्यात. तिसरा, तिथीच.

बोडीत मासे धरणारे एक भाऊ होते. बुडालेले चेंडू तेच काढून देत. ते आपल्या लहान नावेतून, डोंग्यातून, ओरडले, "इलेक्ट्रिक भाऊ, जुनी काठीच बरी होती न! गुडघाभर पान्यात चेंडू सापडे. आता तुमच्यापाई डोंगा काढा लागते!"

बाबा हसले. पण काठी पुसता पुसता त्याइचा हात थांबला, ते मी पाह्यलं.

शेवटचा रविवार. बाबानं मारला. शिंगाड्यात.

मंग झाडाखाली चहा अन् समोसे. साहेब लोक मले म्हणाले, "चल रे, जाताजाता नकला होऊन जाऊ दे." मी जुनी लाकडी काठी उचलली. डॉक्टर साहेब केले, चेंडू बाभळीत. लोक लोटपोट. "आता बाबाची!" पँट वर ओढणं, बोडीकडं देवाकडं पाहावं तसं पाहणं, सारं केलं. अन् चेंडूले काठी लागाच्या आधीच मान वर, कुठी गेला ते पाहाले. चेंडू बेशरमात. बाबा बी हसले.

तिथीच थांबाचं होतं. पण टाळ्या चढल्या होत्या मले. म्हटलं, आणखी एक. तेच पाय, तोच हात, तोच झोका, सारं बाबाचंच. फक्त मान खाली ठेवली.

चेंडू बेशरमावरून गेला. शिंगाड्यावरून गेला. तिकडच्या काठावर दोन टप्पे पडला.

बोडीतून मासेवाल्या भाऊचा आवाज आला, "हा कोनाचा गा?"

बाबा घरी आले. चपला काढल्या, दोन्ही काठ्या भिंतीले टेकवल्या, अन् मंग सुरू झाले.

"कधीपासून दिसून राह्यली तुले माही मान?"

"आठवीपासून."

"आठवीपासून! अन् मले आज समजते, चार लोकाइत, मैदान सुटल्यावर! लोकाइले हसवाले बरं येते तुले, बापाले सांगाले नाई येत? मोठी नागपूरवरून काठी धाडते! 'बाबा, मान खाली ठेवा', एवढं सांगाले कुरिअर लागते काय रे?"