चवथीतली कॅसेट

ती कॅसेट आमच्या घरात आली तेव्हा माझी बायको अंथरुणाला लागली होती. मुंबईचा पुतण्या मे महिन्यात आला, तो टेप आणि कॅसेट दोन्ही तिच्या उशाशी ठेवून गेला. काकीचा वेळ जाईल म्हणाला. आपला जिल्हा रत्नागिरीतून नुकताच वेगळा झाला होता त्या सुमाराची गोष्ट.

गाणारी बाई मोठी, सिनेमात गाणारी. रेडिओवर तिचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला. या कॅसेटच्या एका बाजूला देवाची गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला धीराची. उठा, चाला, वादळाला भिऊ नका, असली. मी जन्मभर होडीवर. एकदा ऐकून मी म्हटलं, "ह्या लिवणारो कदी होडयेत बसाक नाय दिसता."

बायको म्हणाली, "गप ऱ्हवा. ता होडयेसाठी नाय."

कशासाठी ते तिने सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून देवाची बाजू मागे पडली आणि धीराचीच बाजू लागत राहिली. लाइट गेली की टेप सेलवर चालायचा. सेल उतरले की त्या बाईचा आवाज जाड व्हायचा, ओढल्यासारखा. तेवढ्यापुरती ही हसायची. "बायेचो बुवा झालो बघा." मी सेल काढून चुलीच्या कडेला शेकत ठेवायचो. श्रावणात ऊन कुठलं?

मालवणच्या डॉक्टरांनी श्रावण संपता संपता सांगितलं, घरी न्या, आता औषधाचं काही राहिलं नाही. मी घरी आणली. ज्या बाईने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सगळा बाजार पायाखाली घातला, ती दोन हातांवर उचलून मी रिक्षातून उतरवली. तिचं वजनच उरलं नव्हतं.

चवथ तोंडावर आली होती. आमच्या भावकीचा गणपती एकच, थोरल्या भावाच्या घरात, आमच्या घराला लागून. भावकीत कुठल्याही घरात माणूस गेलं की सगळ्यांना सुतक. मग त्या वर्षी गणपती आणायचा नाही. बसवलेला असला तर परक्याच्या हातून घाईघाईने पाण्यात सोडायचा. भावकीची मुंबईची पोरं रजा काढून येणार, सुना येणार, आणि माझी बायको अशी. लोक तिला बघायला यायचे. बसायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

एका दुपारी थोरला दादा आला. दारापुढच्या खळ्यात बसला, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "सावंतवाडीक मोठो दवाखानो आसा. चवथ होयपर्यंत तिका थंय ठेवया."

"डॉक्टरान घराक न्हेवा सांगल्यान. थंय न्हेवन काय करू?"

"तसा नाय रे. थंय काय झाला, तर तू थंयच ऱ्हव. हंय निरोप धाडू नको. चार दिसांनी कळवलंस तरी चलात."

आमच्यात खबर कानावर पडली की तिथून सुतक धरतात. ऐकलंच नाही तर लागत नाही. दादाने तेवढी वाट शोधून काढली होती. माझ्या डोक्यात सणक गेली.

"ती काय सुरमय आसा, बर्फात घालून ठेवक?"

"तोंड सांबाळ. पोरां खंय खंयसून येतत, ता बघ."

"पोरां येतत म्हणान हिना खंय जावचा?"

आतून टेप थांबला. तिने सगळं ऐकलं होतं. "अवो, हकडे येवा." मी आत गेलो. डोळे मिटलेले, पण आवाज बाजारातला. "दादांका सांगा, मी खंय जावचंय नाय. आणि चवथीत मरूचंय पण नाय. वैनींका म्हणा, नारळ खवूक घेवा."

दादा बाहेर उभा होता. सांगायला लागलं नाही. तसाच मान खाली घालून गेला.

गणपती आला. शेजारी आरत्या, झांजा, भजनी मंडळ, पोरांचा दंगा, उकडीचा वास. आमच्याकडे ती आणि टेप. उजाडलं की विचारायची, आज कितवो दिस? मग कॅसेट लावायला सांगायची. गाणं चालू असताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे, जड पाटी डोक्यावर असताना मिटायचे तसे. पाणी चमच्याने, तेही अर्धं बाहेर. मी काही बोलायला गेलो की हाताने गप कर म्हणायची. श्वास मोजूनमापून वापरत होती. वैनी दारात यायची, आत यायची नाही. "कसा आसा?" विचारायची. मी म्हणायचो, "आसा."

पाचव्या दिवशी विसर्जन. गणपती होडीतून आत न्यायचा मान माझा. मी म्हटलं, औंदा दुसरं कोणीतरी जाईल. ती म्हणाली, "तुमीच जावा. मी आसंय."

गेलो. किनाऱ्यापासून आत गेल्यावर मूर्ती पाण्यात सोडली. देवाकडे काय मागायचं ते सुचलं नाही, म्हणून काही मागितलं नाही. परत येताना होडी जोरात मारली. घरात आलो तर गाणं चालू होतं आणि ती जागी होती. प्रसादाचं खोबरं चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"गणपती गेलो?"

"गेलो."

"आता ता बंद करा."

मी टेप बंद केला. तिने माझा हात धरला, पण बोलायचं त्राण उरलं नव्हतं. सकाळी गेली. मुंबईची बरीचशी पोरं तोवर पहिल्या एस.टी.ने निघून गेली होती.

दादा सगळ्यांत मोठ्याने रडला. खोटा रडला असं मी म्हणणार नाही. वैनी बायकांत म्हणाली, "पुण्यवान गो, सगळ्यांची चवथ राखल्यान." मला ऐकवेना. मी म्हटलं, "वैनी, तिना तुमची राखल्यान. तिची कोणी राखल्यान?"

लोक सांगतात, त्या बाईच्या गाण्यांनी माणसाला धीर येतो. येतो, मी बघितलंय. पण माझ्या बायकोने तो सगळा धीर दुसऱ्यांचा सण पार पडावा म्हणून खर्च केला. त्या पाच दिवसांत ती माझ्याशी चार वाक्यं बोलली नाही. मला तिला विचारायचं होतं, भीती वाटते का. होडीवर जाताना तिने मला कैक वेळा तेच विचारलं होतं, आणि मी दर वेळी नाही म्हणून खोटं सांगितलं होतं. ती खरं बोलली असती. तिला खोटं बोलता येत नव्हतं.