बोटानं झाकायची युक्ती

इंग्रजीचं लांबलचक वाक्य समोर आलं की अजूनही माझ्या डाव्या हाताचं बोट आपोआप कागदावर जातं. बँकेत वरून आलेलं परिपत्रक वाचताना सुद्धा. शेजारच्या काउंटरवरचे साहेब थट्टा करतात, "मॅडम, अक्षरं पळून चाललीत का, दाबून धरताय ते?" मी हसते. त्या बोटानं मी काय करून ठेवलंय ते त्यांना काय माहीत!

तेव्हा मी मंद्रूपहून रोज सकाळच्या एसटीनं सोलापुरात यायचे. पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेत आम्ही पाचसहा मुली बँकेच्या परीक्षेची तयारी करायचो. मी दोनदा आपटले होते, आणि दोन्ही वेळा इंग्रजीनंच. त्यातही वाक्य दुरुस्तीनं. एक वाक्य चार तुकडे करून देतात, कुठल्या तुकड्यात चूक आहे ते ओळखायचं. चुकीचं उत्तर दिलं की मिळालेले मार्कही कापतात. आमच्या घरी कन्नड, शाळेत मराठी, इंग्रजी फक्त गाइडात. मला ते चारी तुकडे बरोबरच वाटायचे.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गावातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, "वाक्याच्या सुरुवातीला एक पेटी असते, म्हणजे कर्ता. मध्ये चादरी, उशा, अभ्रे असा पसारा भरलेला असतो, आणि शेवटी क्रियापद. आपण पसाऱ्याला भुलतो आणि क्रियापद चादरींना जोडतो. मधलं बोटानं झाक. पेटी आणि क्रियापद, दोघांनाच समोरासमोर बसव, जुळतायत का बघ." एवढंच. चार दिवसांत मी वीसपैकी अठरा वाक्यं बरोबर सोडवायला लागले. बाईंनी हातचं काही राखलं नाही. हे मुद्दाम सांगतेय.

अभ्यासिकेत एक रीत होती. खिळ्याला सुतळीनं एक वही टांगलेली असायची, तिला आम्ही शंका वही म्हणायचो. ज्याला जे अडलं ते त्यानं वहीत लिहायचं, ज्याला येतं त्यानं खाली उत्तर लिहून सही करायची. गणिताच्या उत्तरांखाली बहुतेक एकच सही असायची, माझ्या मैत्रिणीची. ती कुंभारीकडच्या घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून यायची. घरी तेलुगू. आई आणि वहिनी विड्या वळायच्या, सकाळी दोन तास ही पण मांडीवर सूप घेऊन बसायची आणि मग बस पकडायची. बोटांना तंबाखूचा वास तसाच. मला शेकडेवारी काही केल्या जमत नव्हती, तर हिनं विड्यांची बंडलं समोर धरल्यासारखी करून शिकवली. "एका बंडलात पंचवीस. चार बंडलं म्हणजे शंभर. मग एक बंडल म्हणजे शंभरातलं किती? सांग की! घाबरतीस काय उगं, तुला येतंय." सात वेळा विचारलं तरी सातव्यांदाही तिचा आवाज चढायचा नाही. माझा तिसऱ्यांदाच चढला असता.

तिच्या भावानं तिला बजावलं होतं, ही परीक्षा शेवटची. झालं तर झालं, नाहीतर वहिनीशेजारी सूप घेऊन पूर्ण वेळ बस. हे तिनं मला भाकरी खाताना सांगितलं होतं, माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीत बोट बुडवत, हसत हसत. पण पुढं बराच वेळ तिनं घास तोडला नव्हता.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना सराव परीक्षा झाली. ती पहिली आली, मी चौथी. तिचं इंग्रजी जेमतेम होतं, तरी गणितानं तिला वर नेलं. माझ्या मनात पहिला विचार काय आला? हिचं इंग्रजी सुधारलं तर आपलं काही खरं नाही. जागा थोड्या, आणि ही माझ्या पुढं. दुसऱ्या दिवशी शंका वहीत तिचं अक्षर होतं: "लांब वाक्यात चूक कशी शोधायची? नीट सांग, सोप्यात सांग." इंग्रजीत मी सगळ्यांच्या पुढं होते, म्हणून खाली माझ्यासाठी जागा सोडली होती. चांगलं अर्धं पान.

मी लिहिलं, "वाक्य मनातल्या मनात वाचायचं. कानाला जिथं खटकेल तिथं चूक." आणि सही केली.

वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! पण ज्यांच्या घरी आजोबांपासून इंग्रजी आहे त्यांच्यासाठी ते ठीक. तिच्या कानात तेलुगू, माझ्या कानात कन्नड. आमच्या कानाला इंग्रजीतलं काय खटकणार, डोंबल? दोनदा ह्याच कानावर विसंबून मी आपटले होते. मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाईत होते, सुचलं नाही. सगळं खोटं. चांगलं सुचून लिहिलं.

आणि तिनं ते मनापासून धरलं. कोपऱ्यात बसून ओठ हलवत वाक्यं वाचायची. मध्येच मला विचारायची, "हितं खटकतंय का गं तुला?" मी हो म्हणून मान हलवायचे. ती समोर असली की मी बोट टेबलाखाली ठेवायचे आणि नुसत्या नजरेनं मधलं झाकायचे. बघा की केवढी हुशारी माझी!

निकाल लागला त्या दिवशी मोबाइलवर तिनं आधी माझा नंबर शोधला. माझा होता. तिनं मला मिठी मारली, "झालीस बघ तू साहेब!" असं ओरडली, अभ्यासिकेतल्या सगळ्या मुली जमा झाल्या. मग तिनं स्वतःचा बघितला. गणितात तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होते. इंग्रजीत वेगळं पास व्हावं लागतं, तिथं ती राहिली. "माझा कानच धड न्हाई," एवढंच म्हणाली. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

तिचं पुढं लग्न झालं नाही की नोकरी लागली नाही. सकाळी विड्या, संध्याकाळी घरकुलातल्या पोरींना फुकट गणित शिकवते. मला दिवाळीला मेसेज येतो. मी फुलांचं चित्र पाठवते.

गेल्या उन्हाळ्यात ती आमच्या शाखेत आली, सोबत तिची भाची. जेवणाची सुट्टी होती. खुर्ची ओढत बसली, तंबाखूचा तोच वास. "हिनं बँकेचा फॉर्म भरलाय. गणित माझं, इंग्रजीचं काय करू? मी तुझंच सांगते सगळ्यांना, कानाला खटकतं ते धर म्हणून. पण पोरींचं चुकतंयच. तूच सांग तुझ्या तोंडानं."

मी डबा बाजूला सरकवला. म्हणजे ते वाक्य तिच्यापाशी थांबलं नव्हतं. माझं नाव सांगून ती ते घरकुलातल्या पोरीपोरीला देत होती.

भाचीनं प्रश्नपत्रिका पुढं केली. भोकराएवढे डोळे करून माझ्याकडं बघत होती. तिला मी तेच परत सांगू शकत नव्हते, इतकी मेलेली नव्हते मी. मी डावं बोट कागदावर ठेवलं, मधलं झाकलं. "आता सुरुवात आणि शेवट, दोनच वाच." पोरीनं वाचलं. "अय्या, चूक दिसली की!" दुसरं केलं, तिसरं केलं. तिन्ही बरोबर. ती आपलं बोट सरकवत पुढं निघाली.

मैत्रीण पेपराकडं नाही, माझ्या बोटाकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "हे तुला तवा येत होतं?"

रागावून विचारलं असतं तर मी कदाचित खरं बोलले असते. पण तिनं शेकडेवारी विचारावी तसं विचारलं, शांतपणे, उत्तराची वाट बघत.

"न्हाई गं," मी म्हणाले. "नोकरी लागल्यावर एका ट्रेनिंगमध्ये कळलं."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तेच म्हटलं मी. नाहीतर तू सांगितलंच असतंस की." आणि भाचीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ऊठ, मावशीच्या पाया पड."

पोरगी उठली आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.