घरच्या सर्व्हरला नवा प्रोसेसर

टीव्हीवर माझी मुलगी बोहल्यावर उभी होती आणि हलत नव्हती. समोर अंतरपाट, भटजींचं तोंड उघडं ते उघडंच.

सोफ्यावर माझे सासरे बसले होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. लग्नाच्या वेळी ते सोलापूरला दवाखान्यात होते, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. एकुलत्या नातीचं लग्न हुकलं. आता बरे होऊन तामलवाडीहून खास व्हिडिओ बघायला आले होते.

"थांबलंय का बंद पडलंय?" मामांनी विचारलं.

"प्रोसेसर जुना झालाय," मी ठामपणे सांगितलं.

धाराशिवात कोर्टामागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरी जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर कायम चालू असतो. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात. टीव्हीवर, मोबाइलवर तिथूनच दिसतात. याला होम सर्व्हर म्हणतात. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू.

सर्व्हर अडखळत होता हे खरं. पण प्रोसेसर बदलायची हौस मला त्याआधीपासूनच होती, हेही खरं. जुन्या बोर्डावर बसेल असा एक मी मागवून कपाटात ठेवला होता. फक्त निमित्त हवं होतं. नव्यात कोर जास्त आहेत, म्हणजे एका बैलजोडीच्या जागी तीन जोड्या, असं मी मामांना समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

स्क्रूड्रायव्हर घेऊन जिन्याखाली वाकलो. सर्व्हर बंद करणार तेवढ्यात बायको, सुनंदा, चहा घेऊन आली. ती सकाळी दुकानात काउंटरला बसते. गिऱ्हाइकांना मी काय काय ऐकवतो, ते तिला पाठ आहे.

"कोर्टातल्या वकीलसाहेबांना तुम्ही सांगता, आधी कोण दमलंय ते बघा, मग बदला," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं का?"

बघितलं नव्हतं.

स्क्रीन जोडला, व्हिडिओ पुन्हा लावला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. तो हार्ड डिस्ककडून माहिती यायची वाट बघत होता. डिस्क म्हणजे फाइली ठेवायची जागा, आत तबकड्या फिरतात. तिची तपासणी लावली, तर तबकडीचे बरेच भाग वाचताच येईनात. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. अशी डिस्क एकदा बंद केली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नसतो. आणि मी ती बंदच करायला निघालो होतो.

"दुसरी कापी असंल की," मामा म्हणाले.

नव्हती. फोटोग्राफरनं दिलेला पेनड्राइव्ह मीच पुसून दुसऱ्या कामाला वापरला होता. दुकानात मात्र भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे, 'बॅकअप घ्या'.

पळत जाऊन दुकानातून नवी डिस्क आणली आणि सगळ्यात आधी लग्नाची फाइल कॉपीला लावली. ती मुंगीच्या पावलानं सरकत होती. एका जागी तर बराच वेळ अडकली. मामा खुर्ची ओढून जिन्याजवळ येऊन बसले. त्यांच्याकडं बघायचं मी टाळत होतो. संध्याकाळपर्यंत फाइल आली, मंगलाष्टकांचा एक तुकडा सोडून. बाकीचं जमेल तेवढं ओढून घेतलं आणि मग सर्व्हर बंद केला. पुन्हा चालू केला तेव्हा जुनी डिस्क फिरलीच नाही. नुसती टकटक.

दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या प्रोसेसरवर मामांनी लग्न बघितलं, न अडखळता. अंतरपाट धरलेला होता, तो एकदम गायब आणि गळ्यात हार. "लई झटपट लागलं लगीन," मामा म्हणाले. पाठवणीच्या वेळी नात कॅमेऱ्याकडं बघून, आजोबा, लवकर बरे व्हा, असं म्हणते. ते मामांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. चष्मा पुसत राहिले.

मशीन हळू झालं की ते कुणासाठी थांबलंय ते आधी बघावं. हे मला पक्कं माहीत होतं. पण स्वतःचाच सल्ला ऐकायचा तर तो दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो.