मागच्या खोलीतल्या रेघा

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर आमच्या चर्चला चुना मारायचं काम तीन हजार चारशे रुपयांत ठरलं. हजर तिघे: फादर, शेलूबाजारहून आलेला रंगारी आणि मी. मागच्या खोलीतल्या खाचा लिंपून भिंत एकसारखी पांढरी कर, हे सांगितलं ते मीच.

ती मातीची खोली म्हणजे आमचं पहिलं चर्च, मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या लोकांनी स्वतः उभारलेलं. ऊसतोडीला निघताना प्रत्येक जण कोयत्याच्या टोकाने तिथे एक रेघ ओढतो आणि परतल्यावर ओल्या मातीने आपल्या हाताने बुजवतो. कुणाच्या मरणाची मिस्सा झाली, तरच त्याची रेघ घरचे बुजवतात. हे मला ठाऊक होतं. पण फादरांच्या सांगण्यावरून मी तेव्हा चर्चचा इतिहास लिहीत होतो, आणि माझ्या लेखी इतिहास स्नानसंस्काराच्या नोंदवहीत होता. भिंतीवर होते ते ओरखडे.

नाताळच्या सकाळी सकुबाई आल्या. त्यांचा मुलगा चार वर्षांपूर्वी तोडीला गेला, तो परतला नाही. दर मिस्सेआधी त्या त्याच्या रेघेवरून बोट फिरवत.

"कोनं केलं हे?"

"मी सांगितलं होतं, मावशी."

"माहा पोरगा जित्ता हाये. तुमाले कोनं सांगतलं मेला म्हनून?"

त्या मिस्सेला थांबल्या नाहीत. मी थांबलो, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठवलं नाही. आठवडाभर मनात तेच चाललं होतं. रेघा किती होत्या, कुठे होत्या? नव्याने ओढल्या तर त्या कोणाच्या? आयुष्यभर चुका शोधून दुरुस्त करत आलो, या चुकीला दुरुस्ती सापडेना. शेवटी प्रभूपुढे बसून एवढंच म्हणालो, हे माझ्याच्याने भरून निघत नाही. इतकी छोटी प्रार्थना मी कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रंगारी बाकी घ्यायला आला. भिंतीचा विषय निघताच ओशाळला. "काका, रागावू नका. तिथलं काम म्या तुमी सांगतलं तसं नाई केलं." खोलीत जाऊन त्याने नखाने एक कोपरा उचकटला. चुना मारलेला पेपर सोलून निघाला. खाली रेघा जशाच्या तशा.

"बुजवाले घेतल्या अन् हात थांबला. माणसाच्या हातच्या हायेत, कोनाच्या तरी कामाच्या असतीन. खळीनं पेपर चिकटवला. तुमाले पांढरी भिंत पायजे होती, पांढरी देली."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमी एकडाव सांगतलं का मंग कोनाचं आयकता?"

सकुबाईंना बोलावून आणलं. त्यांनी रेघ डोळ्यांनी शोधलीच नाही, बोटाने शोधली. मग माझा हात धरून त्या खाचेवर टेकवला.

त्या अनोळखी रंगाऱ्याचा हात कोणी थांबवला, हे मी ठरवायला जात नाही. आपण नीट सांभाळलं म्हणजे सगळं सांभाळलं जातं, असं मी पन्नाशीपर्यंत मानत आलो. माझ्या हातून चुकलेलं माझ्या नकळत कोणी झाकून जपलं होतं, आणि त्यासाठी मला काहीच करावं लागलं नव्हतं. याचे आभार कसे मानावेत ते अजून नीट जमत नाही. सकुबाईंचा मुलगा आलेला नाही.

रंगाऱ्याला राहिलेले चौदाशे दिले. पेपर आणि खळीचे म्हणून वर शंभर पुढे केले, तर म्हणाला, "ते काम तुमी सांगतलं नोतं." चहा तेवढा घेतला.