ओंबील पाळणारी मैना

माझा भाऊ गोमाजी, त्याची ही पोर मैना. आमच्या वरंध गावात लोक गाई पाळतात, शेळ्या पाळतात. आमच्या महाराणीने पाळल्या ओंबील, म्हणजे झाडावरच्या तांबड्या चावऱ्या मुंग्या. सकाळच्या गारव्यात रानात जायचं, पानं चिकटवून केलेलं त्यांचं घरटं फांदीसकट पोत्यात घालायचं आणि आमच्या आंब्यावर नेऊन बांधायचं. शिवाय एका आंब्यावरून दुसऱ्यावर सुंभ ताणून द्यायचा, मुंग्यांना खाली उतरायचा त्रास नको! माझ्या सासरी माझी एवढी सोय कुणी पाहिली नाही. पण खोटं कशाला बोलू, त्या मुंग्या फळावर माशी बसू देत नसत, अळी दिसली की ओढून नेत. गावभरचे आंबे आतून किडायचे, आमचे नाही. मैनेचे हात तेवढे चावून चावून डागाळले होते.

चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या वर्षी महाडकडचे आबाजी तिला पाहायला आले. मुलगा चांगू मुंबईच्या गिरणीत, घरी आंब्याची बाग. स्थळ मीच आणलेलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बहुतेक पाण्याला गेले होते. डाग दिसू नयेत म्हणून पोरीच्या हातांना मी हळदसुद्धा चोळली.

आबाजींनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, बाजारात बैल पाहतात तसे.

"पोरगी बरी हाय," ते म्हणाले, "पण अंगावर डाग हायत. आमच्या घरात चालायचं नाय."

मुंग्या चावल्यात, दुसरं काही नाही, असं गोमाजी घसा फोडून सांगत राहिला. पाहुण्यांनी गुळाचा चहा मात्र दोनदा घेतला. मग या भल्या माणसाने खाली जाऊन मैनेला रोग असल्याची बातमी पार पोलादपूरपर्यंत पोचवली, फुकट! दोन वर्षं एक स्थळ फिरकलं नाही. मैना मुकाट काम करायची. मी जळायचे, अजून जळते.

तिसऱ्या वर्षी आंब्याच्या दिवसांत आबाजी पुन्हा दारात. बरोबर चांगू आणि रिकामं पोतं. बाग किडीने खाल्ली म्हणे. मुंबईचं औषध मारलं, त्याने पानं करपली, किडे मात्र मजेत. आता मुंग्या हव्यात. रोगी पोरीच्या मुंग्या बऱ्या चालतात! मी तर त्यांना पाणीही विचारलं नसतं.

मैनेने सांगितलं, खुशाल न्या, पण घरटी तुम्हीच उतरवा, आणि चढण्याआधी अंगाला राख चोळा, म्हणजे मुंग्या कमी चावतील. चांगू हसला. राख काय, जंटलमन आदमी! कोट काढून तसाच चढला. ओरडा ऐकून निम्मं गाव जमलं. खाली उतरला तेव्हा पोत्यात दोन घरटी होती आणि अंगावर तिसरं.

"बघू हात," मैना म्हणाली.

त्याने पुढे केले. मनगटापासून खांद्यापर्यंत लाल डाग. तिने पोत्याचं तोंड बांधलं आणि ते आबाजींच्या हातात दिलं.

"महाडच्या बाजारातून जाल तवा लोक इचारतील, पोराला कसला रोग झाला. तवा खरं सांगा, काका. बाकी मला काय नको."